भाडेपावती आणि मुलांचे छप्पर

२००९ सालच्या पावसाळ्यातली गोष्ट. मध्य मुंबईतल्या एका जुन्या चाळीत सतरा वर्षांची मुलगी आणि तिचा बारा वर्षांचा भाऊ अशी दोनच माणसे एका खोलीत उरली. आई आधीच गेली होती. गोदीत राबणारा बापही गेला. पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम होऊन आठवडा झाला नाही, तोच मालकाचा मेहता दारात उभा राहिला. "भाडेकरू वारला, खोली मालकाची झाली. अज्ञान पोरांच्या नावावर खोली होत नसते," असे सांगून गेला. दुसऱ्या दिवशी मोरीचे पाणी बंद झाले. शेजारची मंडळी कळवळ्यानेच म्हणू लागली, "पोराला आश्रमात घालू, पोरीला गावी धाडू."

मुलगी माझ्याकडे आली. "काका, आम्ही कुठं जायचं?"

मी कारकून माणूस, बी.कॉम. झालेला. वकील नव्हे, पण कागद वाचायची सवय आहे. मी एवढेच विचारले, "भाड्याच्या पावत्या आहेत का?" तिने ट्रंकेतून प्लास्टिकची पिशवी काढली. बापाने एकेक पावती जपून ठेवली होती, अगदी शेवटच्या महिन्यापर्यंत. त्या पिशवीने दोन मुलांचे छप्पर वाचवले. कसे, ते प्रत्येक घरात कळावे म्हणून हे लिहितो आहे.

शंभर वर्षांची दोन छत्रे

गिरण्यांच्या या शहरात पहिल्या महायुद्धाच्या काळात जागेची टंचाई झाली, भाडी भडकली, तेव्हा १९१८ साली मुंबईत भाडेनियंत्रणाचा पहिला कायदा आला. पुढे १९४७ चा मुंबई भाडे कायदा झाला. आज लागू आहे तो महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९. तो ३१ मार्च २००० पासून अमलात आला.

दुसरे छत्र मुलांचे. १९२४ मध्ये मुंबई मुलांचा कायदा झाला, १९२७ मध्ये चिल्ड्रन्स एड सोसायटी स्थापन झाली. डोंगरी आणि मानखुर्दची बालगृहे तिचीच. आज देशभर २०१५ चा बाल न्याय अधिनियम आहे.

दोन कायदे, दोन खाती, दोन वेगळी कोर्टे. पण खोलीतून बाहेर काढलेले पोर आणि स्टेशनवर सापडलेले पोर, हे पुष्कळदा एकच असते, हे विसरू नये.

कायदा काय सांगतो

मेहता जे बोलला ते धादांत खोटे होते. भाडेकरू वारला, तर मृत्यूच्या वेळी त्याच्यासोबत राहणारा कुटुंबातला माणूस भाडेकरू ठरतो, असे १९९९ च्या कायद्याच्या कलम ७ मध्ये भाडेकरूच्या व्याख्येतच लिहिले आहे. तिथे वयाची अट नाही. मूल अज्ञान असेल तर पालकाने त्याच्या वतीने व्यवहार पाहावा, इतकेच.

कलम २९ प्रमाणे मालकाला पाणी, वीज यांसारख्या जरुरीच्या सोयी तोडता येत नाहीत. कलम ३१ प्रमाणे भाड्याची पावती देणे त्याच्यावर बंधनकारक आहे. भाडे थकले तरी थेट कुलूप ठोकता येत नाही. आधी लेखी नोटीस, मग नव्वद दिवस थांबायचे, त्यानंतरच दावा. दाव्याचे समन्स मिळाल्यापासून नव्वद दिवसांत थकबाकी, १५ टक्के साधे व्याज आणि दाव्याचा खर्च कोर्टात भरला, आणि पुढे भाडे नियमित भरत राहिले, तर थकबाकीसाठी खोली जात नाही. मुंबईत हे दावे लघुवाद न्यायालयात चालतात.

मुलांच्या कायद्याचा रोखही असाच आहे. निराधार मूल सापडले, तर चोवीस तासांत बालकल्याण समितीपुढे हजर करावे लागते. समितीत अध्यक्ष आणि चार सदस्य असतात. मुलाला संस्थेत ठेवणे हा शेवटचा उपाय; आधी नातेवाईक, आधी घर. पण घरच हातचे गेले तर समिती तरी मुलाला कुठे पाठवणार?

छत्राबाहेरची माणसे

हे सांगताना खोटा दिलासा देणार नाही. आज आपली पुष्कळ तरुण कुटुंबे अकरा महिन्यांच्या लिव्ह अँड लायसन्सवर राहतात. मुदत संपली की त्यांना भाडेकरूचे हे संरक्षण नाही. फुटपाथवरच्या लोकांनी सर्वोच्च न्यायालयापर्यंत लढा दिला. १९८५ च्या ओल्गा टेलिस निकालात न्यायालयाने उपजीविकेचा हक्क हा जगण्याच्या हक्काचाच भाग मानला. मात्र फुटपाथवर राहण्याचा हक्क दिला नाही. आणि दावा वर्षानुवर्षे चालतो, हेही आपण पाहतो. म्हणून दावा होण्याआधीच कागद तयार हवेत.

आज रात्रीच करायची कामे

पावती कोणाच्या नावावर आहे ते पाहा. वारलेल्या आजोबांच्या नावावर असेल, तर नाव बदलण्यासाठी मालकाला लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. मालक भाडे घेत नसेल, तर मनीऑर्डरने किंवा बँकेतून पाठवा. नाकारलेली मनीऑर्डरसुद्धा पुरावा असतो. रेशनकार्ड, शाळेचा दाखला, आधार यांवर त्याच खोलीचा पत्ता असू द्या, म्हणजे मूल तिथेच राहत होते हे सिद्ध होते. भगिनींनो, या कागदांची पिशवी कुठे असते, हे घरातल्या थोरल्या मुलाला आणि मुलीला माहीत हवे.

वकिलाला पैसे नाहीत म्हणून गप्प बसू नका. स्त्रिया, मुले आणि अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. दूरध्वनी १५१००. मूल संकटात दिसले तर १०९८ फिरवा. ही सेवा १९९६ साली याच मुंबईत सुरू झाली.

त्या दोन भावंडांसाठी गावाहून आत्या येऊन राहिली. बालसंगोपन योजनेचा अर्ज आम्ही भरला. मोफत वकिलाची एक नोटीस गेली आणि चौथ्या दिवशी नळाला पाणी आले. भाड्याची मनीऑर्डर मात्र चौदा महिने परत येत राहिली. प्रत्येक परत आलेली पावती मुलगी त्याच पिशवीत ठेवत गेली. पंधराव्या महिन्यात मेहता स्वतः पावतीपुस्तक घेऊन आला.

त्या पावतीवर भाऊ-बहीण दोघांचीही नावे आहेत. भाऊ आज वायरमन आहे, बहिणीचे लग्न झाले आहे. परवा ती माहेरी आली होती. तिने आपल्या मुलीला ट्रंक उघडून ती पिशवी दाखवली.