जीप उंच केली, आता टायर घासतो, उपाय काय?



पावसाळ्यात आपल्या यवतमाळ जिल्ह्यातली काळी माती कशी असते, ते तुम्हाला सांगायला नको. वणी असो, राळेगाव असो की पांढरकवडा, पांदणीत चाकोरीच्या मधल्या उंचवट्याला जीपचं पोट टेकतं आणि गाडी फसते. म्हणून बरेच जण कमानीत जादा पाटा घालतात, मोठे टायर चढवतात. गाडी उंच होते, पण वळताना टायर घासल्याचा आवाज येऊ लागतो. याकडे काणाडोळा करू नका. टायरची बगल घासून आतले धागे उघडे पडले, तर भरल्या गाडीत टायर फुटू शकतो.

असं का होतं? जुन्या जीपला 6.00-16 मापाचा टायर असतो. त्याजागी 7.00-16 बसवला, की तो सुमारे दोन इंच उंच आणि एक इंच रुंद भरतो. गाडी उभी असताना जागा मोकळी दिसते, पण चाक दगडावर चढलं की कमान दबते आणि ती जागा संपते.

आधी घासण्याची जागा शोधा. टायरच्या दोन्ही बगलांना व माथ्याला ओला चुना लावा. एक चाक सावकाश दगडावर चढवा आणि स्टेअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण फिरवून पाहा. जिथं चुना पुसला जाईल, तिथंच दोष. यावेळी गाडीखाली कुणी जाऊ नये.

आता उपाय:

1. पूर्ण वळणावर टायर कमानीला घासत असेल, तर पुढच्या आसाजवळचा स्टेअरिंग अडवणारा बोल्ट थोडा बाहेर काढून नट आवळा. गाडीला वळायला जागा जास्त लागेल, एवढंच.

2. खड्ड्यात मडगार्डला घासत असेल, तर चासीखालचा रबरी ठोकळा पाहा. झिजला असेल तर नवा, थोडा जाड बसवा. तरीही भागलं नाही, तर मडगार्डची कड आत वळवून घ्या.

3. लेथवर केलेल्या चकत्या घालून चाक बाहेर काढू नका. बेअरिंगवर ताण येतो.

4. ट्रॅक्टरच्या पुढच्या चाकाचं मापही पुष्कळदा 6.00-16 असतं. म्हणून तो टायर जीपला घालू नका. तो रस्त्यावरच्या वेगासाठी नसतो.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे ब्रेकची रबरी नळी. गाडी उंच केल्यावर ती ताणली जाते. चाक हवेत लोंबकळत असतानाही नळीत ढील हवी, आणि ती टायरला लागता कामा नये. कमानीचे यू-बोल्ट आठवड्याभरानं पुन्हा आवळा, चाकांचं अलाइनमेंटही तपासून घ्या.

आणखी एक. मोटार वाहन कायदा 1988, कलम 52 प्रमाणे कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलाशी जुळणार नाही असा फेरबदल गाडीत करता येत नाही. म्हणून पाटा घालण्याआधी आर.टी.ओ. कार्यालयात विचारा. अपघात झाला तर विम्याच्या वेळी हीच गोष्ट आडवी येते.

कापूस वेचणीला यायच्या आत एवढं उरकून घ्या. मग गाडी भरून न्यायला धास्ती नको.