खुब्याचा सांधा आणि लहान छेद

रायपूरच्या चौबे कॉलोनीत महाराष्ट्र मंडळाची वास्तू आहे; विदर्भ आणि छत्तीसगड यांचा शेजार मराठी माणसाला तेथे सहज जाणवतो. या दोन्ही प्रदेशांना समान असलेली एक गोष्ट मात्र दुःखाची आहे. ती म्हणजे सिकलसेल ही आनुवंशिक व्याधी. तीत रक्तातील तांबड्या पेशी विळ्याच्या आकाराच्या बनून सूक्ष्म वाहिन्यांत अडकतात. मांडीच्या हाडाच्या गोलकास रक्त पुरविणाऱ्या वाहिन्या मोजक्याच असल्याने तो भाग मृत होऊन खचू लागतो. त्यामुळे खुब्याचा सांधा बदलण्याची जी वेळ इतरांवर बहुधा उतारवयात येते, ती या रुग्णांवर ऐन तारुण्यातही येते.

प्लास्टिकची वाटी व धातूचा लहान गोळा यांचा टिकाऊ कृत्रिम सांधा इंग्लंडमधील जॉन चार्नली यांनी १९६२ मध्ये सिद्ध केला. तो बसविण्यासाठी पुष्कळदा वीतभर छेद घ्यावा लागे. चालू शतकाच्या आरंभापासून सुमारे १० सेंटिमीटरच्या छेदातून हेच काम करण्याचा प्रघात वाढला. परंतु कातडीवरील छेदापेक्षा आत काय कापले जाते, हे महत्त्वाचे. मागील बाजूने जाताना मांडी बाहेर फिरविणारे आखूड स्नायू हाडापासून सोडवून शेवटी पुन्हा शिवावे लागतात. समोरून गेल्यास स्नायूंमधील नैसर्गिक फटीतून, ते बाजूस सारून, सांधा गाठता येतो. ही वाट नवी नव्हे. फ्रान्समधील रोबेर ज्यूदे यांनी १९४७ मध्येच ती अनुसरली होती.

समोरच्या वाटेने गेलेला रुग्ण पहिल्या काही आठवड्यांत अधिक सुखाने चालतो. वर्षभरानंतर मात्र दोन्ही प्रकारच्या रुग्णांत फारसा भेद उरत नाही. शिवाय मांडीच्या बाहेरील बाजूस बधिरता येण्याचा, आणि हात पुरेसा सरावलेला नसल्यास हाड दुभंगण्याचा धोका असतो.

सिकलसेलच्या रुग्णांत हा धोका अधिकच वाढतो. त्यांच्या हाडाची पोकळी कित्येकदा कठीण हाडाने भरलेली असते. कृत्रिम सांध्याच्या दांड्यासाठी ती कोरताना हत्यार वाट चुकून हाडाच्या भिंतीबाहेर निघू शकते. अशा वेळी शल्यविशारदाने छेद वाढविला, तर ते त्याचे अपयश समजू नये. शस्त्रक्रियेच्या काळात शरीर उबदार राखणे, पाणी व प्राणवायू कमी पडू न देणे आणि आवश्यक तर आधी रक्त देणे, ही कामे छेद लहान असला तरी टळत नाहीत.