चाळीस चिठ्ठ्यांची साथ

मुलांनो, मागच्या महिन्यात आमच्या चौथीच्या वर्गात साथ आली. घाबरू नका, अगदी खोटी खोटी! औषध लागलं नाही, लागला फक्त एक पत्र्याचा डबा आणि चाळीस चिठ्ठ्या. तुम्हीही वर्गात करून बघा.

एकेका चिठ्ठीवर एकेक हजेरी क्रमांक लिहिला. एका मुलाला 'आजारी' म्हणून उभं केलं. त्याने डब्यातून दोन चिठ्ठ्या काढायच्या, वाचायच्या आणि परत टाकायच्या. ज्याचा क्रमांक निघेल तो आजारी, म्हणजे उभा राहणार. पहिला मात्र आता बरा झाला. त्याने डोक्यावर हात ठेवून बसायचं. पुन्हा त्याचा क्रमांक निघाला तरी त्याला काही होत नाही. एका मुलीकडे मी खडू दिला आणि प्रत्येक फेरीत किती जण उभे आहेत ते फळ्यावर मांडायला सांगितलं.

आकडे असे आले : १, २, ४, ७, ९, ६, २, १ आणि मग शून्य.

फळ्यावर छान डोंगर झाला. पण खरी गंमत पुढेच. बेरीज करा पाहू. बत्तीस! आठ मुलं शेवटपर्यंत बसूनच राहिली. साथ संपली, पण निरोगी मुलं काही संपली नव्हती. असं का बरं? तर शेवटी शेवटी चिठ्ठी निघायची ती बहुतेक डोक्यावर हात ठेवलेल्यांचीच. आजाराला नवं घरच सापडेना!

आता आपण मुंबईला जाऊ या, शंभराहून जास्त वर्षं मागे. १८९६ साली मुंबईत प्लेग आला. पुढे तो पुण्यात पोचला. तिथे रुग्णांची सेवा करता करता १८९७ मध्ये सावित्रीबाई फुले गेल्या, हे तुम्हाला ठाऊक आहेच. मुंबईत प्लेग नंतरही बरीच वर्षं येत राहिला, आणि दर आठवड्याला किती माणसं दगावली त्याची नोंद होत होती. डिसेंबर १९०५ ते जुलै १९०६ या काळातले आकडे पाहिले, तर सुरुवातीला अगदी मोजके मृत्यू, मग भराभर वाढ, ऐन भरात आठवड्याला नऊशेच्या आसपास आणि पुन्हा उतार. आमच्या फळ्यावरचाच डोंगर! फरक इतकाच की यातला प्रत्येक आकडा कुणाच्या तरी घरातलं माणूस होता.

हे आकडे विलायतेत दोघांनी हाती घेतले. एक डॉ. अँडरसन मॅकेंड्रिक. त्यांनी भारतात डॉक्टर म्हणून नोकरी केली होती. दुसरे विल्यम कर्मॅक, रसायनशास्त्रज्ञ. १९२४ मध्ये प्रयोगशाळेत स्फोट झाला आणि वयाच्या सव्विसाव्या वर्षी त्यांची दृष्टी गेली. तरी त्यांनी गणित सोडलं नाही, बरं का! १९२७ मध्ये दोघांचा निबंध प्रसिद्ध झाला. त्यांनी माणसांचे तीन गट केले : अजून आजार न झालेले, आजारी, आणि आजारातून सुटलेले (बरे झालेले किंवा दगावलेले). नवे आजारी किती होणार हे पहिल्या दोन गटांच्या गुणाकारावर अवलंबून असतं, असं त्यांनी धरलं. मग त्यातली एक संख्या घटली की गुणाकारही घटणार, नाही का? त्यांच्या गणिताने काढलेली रेघ मुंबईच्या आकड्यांशी चांगली जुळली. असं गणितातलं छोटं जग उभारायचं, यालाच 'गणिती प्रतिरूप' म्हणतात. २०२० मध्ये करोनाच्या वेळी शास्त्रज्ञ अशीच प्रतिरूपं वापरत होते, अर्थात फार मोठी आणि गुंतागुंतीची.

एक सांगायला हवं. प्लेग उंदरांच्या पिसवांमुळे पसरतो, चिठ्ठ्यांनी नव्हे. आपलं गणित ढोबळ आहे असं त्या दोघांनी स्वतःच लिहून ठेवलंय. मला त्यांचं हे फार आवडतं. उत्तर बरोबर आलं की आपण लगेच वही मिटतो!

तर पुन्हा आमच्या वर्गात. दुसऱ्या खेळात पंचवीस मुलांना कागदी टोप्या दिल्या. टोपी म्हणजे लस. टोपीवाल्याचा क्रमांक निघाला तरी तो उभा राहायचा नाही. या वेळी आकडे आले : १, १, ० आणि खेळ खलास. मुलं हिरमुसली! टोप्या नसलेल्या पंधरांपैकी तेरा जणांना काहीच झालं नाही.

पण आमचा आजार सौम्य होता, एक जण दोघांनाच देणारा. गोवर तसा नाही. लस नसलेल्या लोकांत गोवराचा एक रुग्ण बारा ते अठरा जणांना आजार देतो. पंधरा धरू. पंधरातले चौदा सुरक्षित असले तरच एकापासून एकालाच होईल. हा हिशेब चाळीसांना लावला तर निदान अडतीस टोप्या लागतात. २०२२ मध्ये मुंबईत गोवराची साथ आली आणि लहान मुलं दगावली, हे पालकांना आठवत असेल.

तेवढ्यात मागच्या बाकावरून प्रश्न आला, "बाई, माझी बहीण सात महिन्यांची आहे. तिची टोपी?"

गोवराची लस आपल्याकडे नऊ महिने पुरे झाल्यावर देतात. मी म्हटलं, "तिला अजून टोपी नाही. तोवर तिच्या भोवतालच्यांनी घालायची."

दुसऱ्या दिवशी तो स्वतःचं लसीकरणाचं कार्ड घेऊन आला. एका डोसाने काही मुलांना पुरेसं संरक्षण मिळत नाही, म्हणून गोवराचे दोन डोस असतात. त्याच्या कार्डावर दुसऱ्या डोसाची जागा कोरी होती. मी त्याच्या आईला निरोप पाठवला. त्या शनिवारीच त्याला डॉक्टरांकडे घेऊन गेल्या.

सोमवारी स्वारी दंड चोळत वर्गात आली आणि म्हणाली, "बाई, आता माझी टोपी द्या."