वेळासच्या कासवांकडून दिंडोरीने काय घ्यावे?

दिंडोरी तालुक्याला समुद्र नाही. मग या पानावर समुद्री कासवाचे काय काम, असे तुम्ही विचाराल. काम आहे. एका कोकणी गावाने कासव राखता राखता गावाचे उत्पन्न कसे वाढवले, हे आपल्या सरपंचांनी आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनी समजून घेण्यासारखे आहे.

परदेशात कासवे राखायला स्वयंसेवक जातात. मध्य अमेरिकेतील कोस्टा रिका देशात टॉर्टुगुएरो नावाचे गाव आहे. तिथे पूर्वी कासवे मारूनच पोट भरत. आता लोक दूरदेशाहून पदरचे पैसे भरून येतात आणि रात्री किनाऱ्यावर पहारा देतात. पण तेवढ्यासाठी विमानाचे तिकीट काढायची गरज नाही. हेच काम रत्नागिरी जिल्ह्यात, मंडणगड तालुक्यातल्या वेळास गावात चालते. नाना फडणवीसांचे गाव म्हणून तुम्ही त्याचे नाव ऐकलेही असेल.

चोरी थांबली कशी?

ऑलिव्ह रिडले जातीची मादी साधारण नोव्हेंबर ते मार्च या काळात रात्री किनाऱ्यावर येते. वाळूत दीड फूट खड्डा करते, शंभर-सव्वाशे अंडी घालते, खड्डा बुजवते आणि निघून जाते. पुन्हा वळून पाहत नाही. राहिलेली अंडी कोल्हे-कुत्री उकरत आणि माणसेही विकायला नेत. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा. पण रात्री वाळूत कायदा थोडाच उभा राहतो?

२००२ मध्ये चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेचे भाऊ काटदरे आणि त्यांचे सहकारी इथे आले. त्यांनी बाहेरचे पहारेकरी आणले नाहीत, गावकऱ्यांनाच हाताशी धरले. २००६ पासून कासव महोत्सव सुरू झाला. पिल्ले समुद्रात जाताना पाहायला शहरातली माणसे येऊ लागली. ती हॉटेलात नव्हे, गावकऱ्यांच्या घरी उतरतात आणि घरच्या बाईच्या हातचे जेवतात. पैसा थेट चुलीपर्यंत पोहोचला. अंडे विकण्यापेक्षा राखण्यात फायदा आहे हे पटल्यावर वेगळा उपदेश करावा लागला नाही.

काम काय असते?

पहाटे किनारा चालायचा. वाळूत मादीच्या सरपटण्याची खूण दिसली की घरटे शोधायचे. अंडी न हलवता-फिरवता अलगद काढायची आणि जाळीच्या कुंपणात, तेवढ्याच खोल खड्ड्यात ठेवायची. साधारण पन्नास-पंचावन्न दिवसांनी पिल्ले वर येतात. ती समुद्रापासून थोडी अलीकडे सोडायची आणि त्यांची त्यांना चालू द्यायची. बॅटरी लावायची नाही, कारण पिल्ले उजेडाकडे वळतात. वाळू जास्त तापली तर माद्याच अधिक निपजतात. म्हणून अंडी कुठे पुरायची, यालाही महत्त्व आहे. हजारात एखादेच पिल्लू मोठे होते असे म्हणतात. एवढ्या राखणीचे मोल त्यावरून कळावे.

कोकणातल्या अनेक किनाऱ्यांवर आता वन विभागाबरोबर गावचेच 'कासवमित्र' हे काम करतात. जाळ्यात अडकलेले कासव सोडवताना मच्छीमाराला जाळे कापावे लागले, तर २५ हजार रुपयांपर्यंत भरपाई देण्याची योजना राज्याने २०१८ मध्ये आणली. राखणाऱ्याचे नुकसान होऊ द्यायचे नाही, हे त्यामागचे शहाणपण.

आपला संबंध

करंजवण, वाघाड, पालखेडचे पाणी कादवेतून गोदावरीत आणि पुढे आंध्रात बंगालच्या उपसागराला मिळते. त्या किनाऱ्यावरही हीच कासवे अंडी घालतात. ओडिशात २०२१ मध्ये खूणपट्टी लावलेली एक मादी २०२५ मध्ये गुहागरला अंडी घालायला आली. कासवाला दोन्ही समुद्र सारखेच. आपल्या ओढ्यात टाकलेली पिशवी किंवा मल्चिंगचा फाटका कागद पुरात कुठवर जातो, याचा विचार करा. कासव प्लॅस्टिकला खाद्य समजून गिळते.

गावाच्या हाती कारभार दिला की काय होते, हे दिंडोरीकरांना नव्याने सांगायला नको. वाघाड धरणावरच्या पाणीवापर संस्थांनी पाण्याचा हिशेब स्वतः ठेवून दाखवला. वेळासने कासवाचे तेच केले.

जायचे असेल तर

पिल्ले साधारण फेब्रुवारीपासून एप्रिलपर्यंत निघतात. द्राक्षाचा खुडा आटोपला आणि मुलांच्या परीक्षा संपल्या की एप्रिलमध्ये जमू शकते. पण हंगाम दरवर्षी पुढेमागे होतो, म्हणून आधी चौकशी करून मगच निघा. हरिहरेश्वरकडून गेलात तर बागमांडला-वेसवी फेरीबोटीने खाडी ओलांडता येते. मुक्काम गावातल्या घरीच करा. ग्रामपंचायतीने दोन-चार तरुणांना पाठवले तर आणखी चांगले. त्यांनी परत येऊन ग्रामसभेत एवढेच सांगावे: आपल्या शिवारात राखण्यासारखे काय आहे, आणि ते राखणाऱ्याच्या पदरात चार पैसे कसे पडतील?