गाडी घाट चढेना? टर्बो बदलण्यापूर्वी पाईप तपासा

एप्रिल-मे म्हणजे आमच्या रत्नागिरी जिल्ह्यात आंब्याच्या पेट्यांची धावपळ. कोल्हापूरच्या बाजारात सकाळच्या सौद्याला माल पोचवायचा, तर रात्रीच साखरपा सोडून आंबा घाट चढावा लागतो. अशाच एका रात्री आमच्या भागातल्या एका बागायतदाराची जुनी डिझेल पिकअप घाटात अडली. बंद पडली नाही, पण एरवी तिसऱ्या गिअरवर चढणारी गाडी पहिल्यावर आली आणि मागे काळ्या धुराचा लोट. सौदा चुकला. तयार झालेला माल दुसऱ्या दिवशी मिळेल त्या भावाने द्यावा लागला.

गॅरेजमध्ये बॉनेट उघडायच्या आधीच निकाल मिळाला, "टर्बो गेला, नवा टाका." खर्च ऐकून गडी हबकला. बागेच्या पाहणीला गेलो तेव्हा म्हणाला, "साहेब, यंदाचा आंबा टर्बोतच जाणार बहुतेक." मी काही मिस्त्री नव्हे, पण पदविकेला असताना ट्रॅक्टरची इंजिने उघडून पाहिली आहेत. म्हटले, "भाऊ, थांबा. आधी बघू तरी." टर्बोकडून इंटरकूलरला जाणारा रबरी होसपाईप दाबून पाहिला, तर खालच्या अंगाला बोटभर चीर! पाईप आणि दोन क्लिपा बदलल्या. गाडी पूर्वीसारखी ओढू लागली.

टर्बो करतो काय?

इंजिनातून बाहेर पडणाऱ्या गरम धुराच्या जोरावर एक पंखा फिरतो. त्याच दांड्यावर दुसरा पंखा असतो, तो बाहेरची हवा दाबून इंजिनात भरतो. हवा जास्त, म्हणून डिझेल जास्त जाळता येते आणि ताकद वाढते. ही युक्ती जुनीच आहे. स्विस इंजिनिअर आल्फ्रेड ब्यूशी यांनी १९०५ साली तिचे पेटंट घेतले. हा दांडा मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेतो आणि केवळ ऑईलच्या पातळ थरावर तरंगतो. म्हणून ऑईल आणि स्वच्छ हवा या दोन गोष्टींवर टर्बोचे आयुष्य अवलंबून असते.

मधल्या पाईपला चीर पडली की दाबलेली हवा तिथूनच निसटते. ही चीर लोड आल्यावरच उघडते. गॅरेजच्या दारात गाडी नुसती चालू ठेवली तर दोष दिसत नाही, तो चढावर दिसतो.

आधी धूर बघा

काळा धूर आणि ताकद नाही, तर बहुधा डिझेल येते आहे पण हवा कमी पडते आहे. एअर क्लीनर आणि पाईप आधी पाहावेत. त्यात काही न सापडल्यास इंजेक्टर तपासून घ्यावेत.

धूरही नाही आणि ताकदही नाही, तर डिझेल कमी येते आहे. डिझेल फिल्टर, त्यातले पाणी आणि लाइनमध्ये शिरलेली हवा तपासावी. काही जुन्या पंपांवर टर्बोच्या दाबाने डिझेल वाढवणारा पडदा असतो. त्याकडे जाणारी बारीक नळी तडकली तरी गाडी मरगळते.

निळा धूर म्हणजे ऑईल जळते आहे. टर्बोचे सील गेले असेल किंवा इंजिनाच्या रिंगा झिजल्या असतील.

इंजिनाची रेस वाढते पण गाडी पुढे सरकत नाही, तर दोष क्लचचा. एखादे चाक फार तापत असेल तर ब्रेक धरतो आहे. या दोन्हींत टर्बोचा काही संबंध नाही.

तपासणी क्रमाने करा

इंजिन बंद आणि थंड असताना पुढील क्रमाने पाहावे.

१. एअर क्लीनर उघडून धूळ पाहावी. फिल्टर काढून गाडी कधीही चालवू नये. बारीक खडासुद्धा पंख्याची पाती खातो.

२. सर्व होसपाईप पिळून, वाकवून, खालच्या बाजूनेही पाहावेत. क्लिपा घट्ट कराव्यात. पाईपच्या आत ऑईलचा पातळ ओलावा असतोच, त्याने घाबरू नये. ऑईल साचलेले असेल तर मात्र मिस्त्रीला दाखवावे.

३. टर्बोच्या धुराच्या बाजूला, जोडावर काजळीचे डाग असतील तर गॅस्केट फुटले आहे.

४. जादा दाब सोडणाऱ्या झडपेची दांडी गंजून अडकली आहे का ते पाहावे. झडप उघडी राहिली तर दाब तयारच होत नाही.

५. शेवटी हवेकडचा पाईप काढून पंखा बोटाने फिरवावा. तो सहज फिरला पाहिजे. बाजूला किंचित हलला तर चालते. पण मागे-पुढे सरकत असेल किंवा पाती घराला घासत असतील, तर टर्बो खरोखरच गेला.

टर्बो गेलाच असेल तर तो का गेला, हेही विचारा. ऑईलची नळी चोंदलेली तशीच ठेवली तर नवा टर्बोही थोड्याच दिवसांत जातो.

धोका ओळखा

निळ्या धुराचा लोट येऊन इंजिन आपोआप रेस होऊ लागले, तर ते स्वतःचेच ऑईल पीत असते. अशा वेळी चावी बंद करूनही थांबत नाही. गाडी उभी असेल तर ब्रेक घट्ट दाबून, सर्वांत वरचा गिअर टाकून क्लच सोडावा. इंजिनाजवळ हात नेऊ नये.

रोजची सवय साधी आहे. ऑईल वेळेवर आणि योग्य प्रतीचे घालावे. घाट चढून आल्यावर मिनिट-दोन मिनिटे इंजिन सावकाश चालू ठेवून मग बंद करावे. ग्रामपंचायतीच्या टँकरचे दुरुस्ती बिल मंजूर करणाऱ्यांनीही "पाईप पाहिला का?" एवढे विचारावे.

कीड न ओळखता फवारणी करू नका, असे आम्ही बांधावर नेहमी सांगतो. गाडीचेही तेच. आधी रोग ओळखा, मग खर्च करा.