'मॅक' पत्त्याच्या पहाऱ्यावर किती विसंबावे?

२६ जुलै २००८ रोजी अहमदाबादेत झालेल्या बॉम्बस्फोटांच्या काही मिनिटे आधी वृत्तवाहिन्यांना आलेला धमकीचा ई-मेल नवी मुंबईतील एका घराच्या वाय-फाय जोडणीवरून गेल्याचे तपासात निष्पन्न झाले. पोलीस साहजिकच आधी जोडणीधारकाच्या दारात पोहोचले. आपल्या नेटवर्कमध्ये परक्याला शिरू देऊ नये, यासाठी तेव्हापासून आजतागायत हमखास सुचविला जाणारा एक उपाय म्हणजे मॅक फिल्टरिंग.

नेटवर्कला जोडल्या जाणाऱ्या प्रत्येक यंत्राच्या कार्डाला कारखान्यातच ४८ बिटांचा क्रमांक मिळतो. तो १२ चिन्हांत लिहितात. पहिली सहा चिन्हे सहसा उत्पादकाची ओळख सांगतात व ती 'आयईईई' ही संस्था ठरवून देते. उरलेली उत्पादक देतो. परवानगी असलेल्या यंत्रांचे पत्ते राउटरमध्ये नोंदविले, की इतरांना प्रवेश नाकारला जातो.

कल्पना सुटसुटीत आहे, पण तिची मेख हवेत आहे. वाय-फायवरील मजकूर सांकेतिक केला तरी पाठविणाऱ्या आणि घेणाऱ्या यंत्राचे मॅक पत्ते उघडेच राहतात. पाकिटातले पत्र बंद असले तरी वरचा पत्ता टपालवाल्याला वाचता यावाच लागतो, तसेच हे. जवळपास बसलेला माहीतगार तो टिपतो आणि आपल्या लॅपटॉपला तोच पत्ता देतो. लिनक्समध्ये त्यासाठी एखाददुसरी आज्ञा पुरते. त्यात अँड्रॉइड १० (२०१९) आणि आयओएस १४ (२०२०) पासून फोन खासगीपणासाठी स्वतःच बनावट पत्ता धारण करतात. त्यामुळे यादी अडवते ती बहुधा घरच्याच माणसांना!

वाय-फायचे खरे संरक्षण डब्ल्यूपीए२ किंवा डब्ल्यूपीए३ आणि लांबलचक पासवर्डमध्ये आहे.

तारांच्या कार्यालयीन नेटवर्कमध्ये मात्र मॅक पत्ता अजून उपयोगी पडतो. स्विचच्या प्रत्येक पोर्टला ठरावीक पत्ता बांधून दिला, की कोणी सहज म्हणून स्वतःचा लॅपटॉप जोडल्यास ते पोर्ट बंद पडते. अर्थात, प्रिंटरचा मॅक पत्ता बऱ्याचदा त्याच्याच पाठीवर चिकटवलेला असतो, हे मुद्दाम शिरू पाहणाऱ्यालाही ठाऊक असते. म्हणून मोठ्या कार्यालयांत ८०२.१एक्स पद्धतीने प्रमाणपत्र तपासून प्रवेश देतात. जुने प्रिंटर वा कॅमेरे असे प्रमाणपत्र दाखवू शकत नाहीत. त्यांना मॅक पत्त्यावर आत घ्यावेच लागते. पण मग त्यांचे नेटवर्क वेगळे ठेवून तेथून हिशेबाच्या सर्व्हरकडे जाणारी वाट बंद केलेली असावी.