बोट घेणं सोपं, पण ती बांधायची कुठं? मुंबईच्या समुद्रातला ‘पार्किंग’चा प्रश्न

समजा, राहुरीतल्या एखाद्या तरुणानं शिडाच्या बोटीवर राहणाऱ्या परदेशी जोडप्याचा रील बघितला. एक बघितला की अल्गोरिदम पन्नास दाखवतो. मग त्यानं जुन्या बोटींच्या किमती शोधल्या आणि त्याच्या लक्षात आलं, एखादी छोटी, जुनी शिडाची बोट चांगल्या चारचाकीच्या पैशात मिळू शकते.

पण चारचाकी दारासमोर लावता येते. बोट कुठं लावायची?

समुद्र तर एवढा मोठा आहे, जागेला काय तोटा, असं वाटणं साहजिक आहे. पण मुंबईसारख्या गजबजलेल्या बंदरात बोटीला वर्षभराची जागा मिळवणं हे बोट विकत घेण्यापेक्षा अवघड काम आहे. असं का, ते समजून घेऊ.

खुंटा, दावं आणि बोट

बोट पाण्यात कायमची उभी करण्याच्या पद्धतीला मूरिंग म्हणतात. गोठ्यातलं जनावर डोळ्यांसमोर आणा. खुंटा म्हणजे समुद्राच्या तळाशी टाकलेला काँक्रीटचा जड ठोकळा. दावं म्हणजे त्याला जोडलेली साखळी. साखळीचं वरचं टोक बोया नावाच्या तरंगत्या पिंपाला जोडलेलं असतं आणि बोट त्या बोयाला बांधतात.

आता दाव्याला बांधलेलं जनावर जसं गोल फिरून चरतं, तशीच बोटही वारा आणि प्रवाह बदलला की खुंट्याभोवती गोल फिरते. खरी अडचण इथंच सुरू होते.

हिशोब करून बघू. साखळी १५ मीटर आणि बोट ९ मीटर लांब धरली, तर बोटीचं मागचं टोक खुंट्यापासून सुमारे २४ मीटरपर्यंत जातं. त्या वर्तुळाचं क्षेत्रफळ होतं साधारण १,८०० चौरस मीटर, म्हणजे जवळपास १८ गुंठे. एका छोट्या बोटीला अर्ध्या एकराला थोडं कमी पाणी! शेजारच्या बोटी एकाच दिशेनं फिरतात, त्यामुळं वर्तुळं थोडी एकमेकांत घुसली तरी चालतं. पण सगळ्या बोटी सारख्या फिरत नाहीत. पाण्यात खोल बुडालेली शिडाची बोट प्रवाहाचं ऐकते, तर हलकी मोटरबोट वाऱ्याचं. त्यामुळं फार दाटीवाटी केली की टक्कर ठरलेली.

मग साखळी आखूड का नाही करायची?

कारण भरती-ओहोटी. मुंबईत दिवसातून दोनदा पाणी चढतं आणि दोनदा उतरतं. उधाणाच्या दिवशी हा फरक चार मीटरच्या आसपास जातो, म्हणजे एका मजल्यापेक्षा जास्त. साखळी आखूड ठेवली तर भरतीला ती ताणली जाते आणि खुंटाच उचलला जाऊ शकतो. दगडी धक्क्याला बोट करकचून बांधली तर ओहोटीला ती दोरावर लटकेल.

शिवाय शिडाच्या बोटीच्या तळाखाली कील नावाचा जड भाग असतो. वाऱ्यानं बोट उलटू नये म्हणून तो हवाच. पण त्यामुळं ओहोटीलाही बोटीखाली दीड-दोन मीटर पाणी लागतं. मुंबई बंदराच्या कडेला बऱ्याच ठिकाणी ओहोटीला नुसता चिखल उघडा पडतो. ती जागा बाद.

खोल पाणी आहे, तिथं गर्दी आहे

मुंबईचं बंदर नैसर्गिक आहे आणि इथं खोल पाणीही आहे. पण त्यावर आधीच अनेकांचा हक्क आहे. मुंबई बंदर आणि पलीकडचं न्हावा-शेवा इथं जाणारी मोठी जहाजं याच पाण्यातून येतात. नौदलाची गोदी इथंच आहे. जवाहर द्वीपावर तेलाची जहाजं लागतात. गेटवेवरून घारापुरी आणि मांडव्याच्या लाँच सुटतात. ससून डॉक १८७५ पासून सुरू आहे. तिथून आणि भाऊच्या धक्क्यावरून मासेमारी बोटी ये-जा करतात.

ही गर्दी किती धोक्याची ठरू शकते, ते १८ डिसेंबर २०२४ ला दिसलं. घारापुरीला निघालेल्या ‘नीलकमल’ या प्रवासी बोटीला नौदलाच्या स्पीडबोटीची धडक बसली आणि डझनाहून जास्त माणसांचा जीव गेला.

त्यात सुरक्षेचा मुद्दाही आहे. २६ नोव्हेंबर २००८ चे हल्लेखोर समुद्रमार्गे कुलाब्याच्या किनाऱ्यावर उतरले होते. तेव्हापासून छोट्या बोटींची नोंदणी, ओळख आणि तपासणी कडक झाली. त्यामुळं कुठंही नांगर टाकला आणि घरी गेलो, असं चालत नाही. बंदराच्या हद्दीत बोट कुठं उभी करायची हे बंदर प्रशासन ठरवतं. मोठ्या बंदरांच्या हद्दीबाहेर, राज्याच्या छोट्या बंदरांचा कारभार १९९६ मध्ये स्थापन झालेलं महाराष्ट्र सागरी मंडळ बघतं.

वर्षातले चार महिने दुसरा पत्ता

जागा मिळाली तरी ती बारा महिन्यांची नसते. जून लागला की नैऋत्य मोसमी वारे सुरू होतात आणि मुंबईच्या बंदराचं तोंड नेमकं त्याच बाजूला उघडं आहे. गेटवे-मांडवा लाँचसेवा पावसाळ्यात बंद असते. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारीवर बंदी असते. कोळी बांधव बोटी किनाऱ्यावर ओढून शाकारतात आणि नारळी पौर्णिमेची वाट बघतात.

शिडाच्या बोटीलाही तेच करावं लागतं. पण कील असलेली बोट वाळूवर ओढता येत नाही. क्रेन लागते, उभी करायला घोडी लागते आणि सुमारे चार महिने ठेवायला किनाऱ्यालगत मोकळी जमीन लागते. मुंबईत मोकळ्या जमिनीचा भाव वेगळा सांगायला नको.

मरिना झाली तर प्रश्न सुटेल?

मरिना म्हणजे बोटींचं वाहनतळ. लाटा अडवणारी भिंत आणि आत पाण्याबरोबर वर-खाली होणारे तरंगते धक्के. तिथं बोट फिरत नाही, त्यामुळं मघाच्याच बोटीचं काम १८ गुंठ्यांऐवजी अर्ध्या गुंठ्याच्या आत भागतं. वर ये-जा करायचे रस्ते धरले तरी फरक प्रचंड आहे. कोचीत बोळगट्टी इथं अशी मरिना आहे. मुंबईत प्रिन्सेस डॉकच्या भागात मरिना करण्याची योजना जाहीर होऊन बरीच वर्षं झाली.

पण किनाऱ्यावरचं कुठलंही बांधकाम वादाशिवाय होत नाही. गेटवेजवळ रेडिओ क्लबच्या बाजूला प्रवासी जेट्टी करायचं ठरलं, तेव्हा कुलाब्यातले रहिवासी न्यायालयात गेले. मुंबई उच्च न्यायालयानं जुलै २०२५ मध्ये अटींसह तिला परवानगी दिली. ती जेट्टी तर हजारो प्रवाशांसाठी आहे. मरिना मोजक्या बोटमालकांसाठी असते. मासळी उतरवायला आणि जाळी सुकवायला जागा मागणाऱ्या कोळ्यांना बाजूला सारून ती करायची का, हा प्रश्न विचारला जाणारच, आणि तो विचारायलाच हवा.

मग त्या तरुणानं काय करायचं?

सगळ्यात आधी, बोट नंतर आणि जागा आधी. खुंटा नसताना बैल आणत नाहीत.

मुंबईत बहुतेक शिडाच्या बोटी सेलिंग क्लबच्या आधारानं उभ्या असतात. १८४६ मध्ये सुरू झालेला रॉयल बॉम्बे यॉट क्लब त्यातला सगळ्यात जुना. क्लबकडून मूरिंगबरोबरच किनाऱ्यावरून बोटीपर्यंत नेणारी छोटी होडी आणि लक्ष ठेवणारी माणसं मिळतात. त्यासाठी सदस्य व्हावं लागतं. पण शिकायला स्वतःची बोट लागत नाही. प्रशिक्षण वर्गात शिकून दुसऱ्याच्या बोटीवर खलाशी म्हणून जाता येतं. दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये एकट्यानं पृथ्वीप्रदक्षिणा केली, तीही नौदलाच्या ‘म्हादेई’ या बोटीतून.

तरीही बोट घ्यायचीच असेल, तर पैसे देण्याआधी पाच प्रश्नांची उत्तरं लेखी घ्यावीत. ओहोटीला तिथं पाणी किती उरतं? परवानगी कुणाच्या नावावर आहे आणि बोटीबरोबर ती नव्या मालकाला मिळते का? साखळी शेवटची कधी तपासली? पावसाळ्यात बोट कुठं ठेवायची आणि क्रेनचा खर्च किती? मालक दोनशे-अडीचशे किलोमीटर लांब असताना वादळाचा इशारा आला, तर दोर बघायला कोण जाणार?

शेवटच्या प्रश्नाला उत्तर नसेल, तर सध्या रील बघितलेलेच बरे.